खोकडावरची गोचीड

रस्त्याकडेला मेलेलं खोकड दिसलं तरी हात लावू नकोस, आधी वनखात्याला कळव. परवानगी असेल तर हातमोजे घालून पहिले कान बघ. आतल्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड एरंडीच्या बीसारखी टम्म फुगून बसते. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही, आणि ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाकायची. मढं थंड पडलं की ती उतरून चालू लागते, म्हणून ‘सापडली नाही’ एवढंच लिही, ‘नव्हती’ असं नको.

गोचिडीमुळे होणारा प्रत्येक आजार तिच्या चाव्यावर ढकलू नकोस. बबेसिया हा रक्तातला सूक्ष्म परजीवी गोचिडीच्या लाळेतून जातो खरा, पण हेपॅटोझून कॅनिस हा दुसरा परजीवी चाव्यातून जातच नाही. अंग चाटता-चाटता प्राणी गोचीडच गिळतो, तेव्हा हा परजीवी आत शिरतो. आणि हो, माळावरची धनगरांची कुत्रीही तपास. नवखे तिथेच आळस करतात.