झोपाळ्याची कडी

पुणे, १६ ऑगस्ट

प्रिय बाळा,

परवा रिव्ह्यू संपल्यावर तू स्टोरीबोर्ड, प्रसंगाची ती चित्रं, गुंडाळलेस आणि कुणाशी न बोलता निघून गेलीस. जिन्यात मी हाक मारली, पण तू तोवर हेल्मेट चढवलं होतंस. म्हटलं, लिहूनच सांगावं.

आपल्या ॲनिमेशनपटातला वाड्याचा सगळा सिक्वेन्स, म्हणजे सलग प्रसंग, उडाला. दीड महिन्याचं काम, ऐंशीच्या वर पॅनल, म्हणजे चित्रचौकटी. वाईट वाटणारच, वाटू दे. मी तुझी समजूत घालायला बसलेलो नाही. आजची तारीख बघून एका माणसाची आठवण झाली, आणि त्याच्याबद्दल तुला सांगायचं कितीतरी दिवस राहून गेलंय.

जो रॅन्फ्ट. अमेरिकेतल्या पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचा स्टोरी आर्टिस्ट, म्हणजे बोर्डावर कथा रचणारा. १९६० साली कॅलिफोर्नियात जन्मला, कॅलआर्ट्स या कलाशाळेत शिकला, डिस्नेत उमेदवारी केली आणि पुढे खेळण्यांवरच्या 'टॉय स्टोरी'च्या कथेची बाजू सांभाळली. १६ ऑगस्ट २००५ला मोटार अपघातात गेला. वय अवघं ४५. 'कार्स'चा तो सहदिग्दर्शक होता. चित्रपट पुढच्या वर्षी लागला, आणि तो त्यालाच अर्पण केलेला आहे.

बातमी आमच्याकडे दोन दिवसांनी आली. २६ जुलैच्या पावसानं मुंबईची दैना केली होती, आमच्या सीड्या तिकडे वेळेवर पोचत नव्हत्या आणि मी फोनवर क्लायंटशी भांडत होतो. एडिटिंगला बसलेल्या मुलानं नेटवर वाचून मोठ्यानं सांगितलं. मी फोन ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. त्याला मी कधी भेटलो नव्हतो. तरी घरातलं माणूस गेल्यासारखं झालं, कारण बोर्ड कसा सांगायचा हे मी त्याच्याकडून शिकलो होतो, एका डीव्हीडीवरून.

त्या डीव्हीडीत तो 'टॉय स्टोरी'तल्या हिरव्या प्लास्टिकच्या सैनिकांचा प्रसंग पिच करतो, म्हणजे बोर्ड दाखवत सांगतो. तुला आठवत असेल. वाढदिवसाला कुठली नवी खेळणी येताहेत याचा माग काढायला सैनिक खाली उतरतात, सोबत बेबी मॉनिटर, एका खोलीतला आवाज दुसरीत ऐकवणारा. मुलाची आई येते, सगळे जागच्या जागी थिजतात, आणि तिचा पाय एकावर पडतो. चेंगरलेला सैनिक म्हणतो, मला इथंच सोडा, तुम्ही पुढे व्हा. सार्जंट त्याला सोडून जात नाही. बघणाऱ्याला हसू येतं, पण सैनिकांसाठी ती गंमत नाही. दोन इंचांचे बाहुले, पाय खालच्या चकतीला चिकटलेले, आणि त्यांच्या जिवावर बेतलंय. ज्यानं हा प्रसंग रचला त्यानं त्या बाहुल्यांची टर उडवलेली नाही. तो त्यांच्या बाजूनं उभा आहे. मी हा तुकडा आवाज बंद करून पाहिला, मग चित्रं झाकून नुसता ऐकला, मग पुन्हा दोन्ही मिळून.

आता मुद्द्याचं. त्याच्या बोर्डावरची ती चित्रं चित्रपटात एकही दिसत नाहीत. लेआउट, ॲनिमेशन, लायटिंग करणाऱ्यांनी त्यावरून सगळं नव्यानं उभं केलं. आपल्या कामाचं हेच आहे. आपण वापरून टाकायचा कागद रंगवतो. भिंतीवर प्रसंग सांगून दाखवण्याची ही पद्धत डिस्नेमध्ये १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला रुळली, आणि तेव्हापासून हेच चालू आहे. (तू रोज लॉ कॉलेज रोडवरून जातेस ना? जिथं एफटीआयआय आहे तिथं प्रभातचा स्टुडिओ होता. १९३४ साली प्रभातनं 'जंबू काका' हा कार्टूनपट केला. त्यासाठी किती कागद काळे केले असतील आणि त्यातले किती चुलीत गेले असतील, असं त्या फाटकापाशी मला दर वेळी वाटतं.)

आणि फेकायचं म्हणजे एखादा सिक्वेन्सच नव्हे. १९ नोव्हेंबर १९९३ला 'टॉय स्टोरी'चं रील डिस्नेच्या लोकांना दाखवलं, तेव्हा ते सपशेल पडलं. त्यातला मुख्य बाहुला वुडी इतका खडूस झाला होता की तो कुणालाच आवडेना. काम थांबलं. कथा पुन्हा मुळापासून बांधावी लागली, आणि ती बांधणाऱ्यांत जो रॅन्फ्ट होता. १९९५ला चित्रपट आला, पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं, त्यात त्याचंही नाव होतं. आज तुला जो वुडी आवडतो, तो टाकून दिलेल्या बोर्डांच्या ढिगावर उभा आहे.

माझं सांगतो. मी सत्तावीस वर्षांचा असताना एका लघुपटात माझा पावसाचा सीन कापायचा ठरला. मी तासभर हुज्जत घातली. चित्रं देखणी होती, सगळे दमले, सीन राहिला. मग शाळेतल्या पोरांसमोर तो लघुपट दाखवला. माझा पाऊस सुरू झाला तशी पोरं चुळबुळ करायला लागली, एकानं पुढच्याच्या कॉलरमध्ये कागदाचा बोळा टाकला. पाऊस थांबला, पोरं पुन्हा पडद्याकडे वळली. त्या दीड मिनिटात मला कळलं की तो सीन मी माझ्यासाठी वाचवला होता.

तुझा वाडाही देखणा होता. कौलं, कोनाडे, चौकातला हौद, सगळं जिथल्या तिथं. पण पिच करताना तू सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून कॅमेरा कुठून कुठं जातो तेच सांगत राहिलीस. आजी काय करतेय ते आम्हाला ऐकूच आलं नाही. बोर्ड सांगताना माणसांकडे बघ. आजी बोलत असेल तर आजीच्या आवाजात बोल, लाजू नकोस. 'अ बग्स लाइफ'मधला तो जाड सुरवंट आठवतो? हाइमलिख. त्याचा आवाज जोचाच. आधी तात्पुरता म्हणून दिलेला, पुढे तोच ठेवला. 'टॉय स्टोरी २'मधला, शिट्टी बिघडली म्हणून फळीवर धूळ खात पडलेला पेंग्विन, त्यालाही आवाज त्याचाच. पात्राचा आवाज आधी आपल्या घशातून गेलेला असला, की रेषेत तो आपोआप उतरतो. हे मी पुष्कळ वेळा अनुभवलंय.

आणखी एक. तो लहानपणापासून जादूचे प्रयोग करायचा. लॉस एंजेलिसच्या मॅजिक कॅसल या जादूगारांच्या क्लबमध्ये किशोरांचा गट आहे, त्यात होता. बघणाऱ्याची नजर आत्ता कुठं आहे हे जादूगाराला क्षणाक्षणाला माहीत असावं लागतं. तुझ्या पॅनलमध्ये नजर कौलांवर, कोनाड्यांवर, हौदावर भटकत राहते आणि आजीपर्यंत पोचेस्तोवर पुढचं पॅनल येतं.

पण एक पॅनल आहे. बहुतेक चौतिसावं. माणसं झोपाळा काढायला आलीत, आजी कुणाला काही म्हणत नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळते आणि पितळी कडी पुसते. जी कडी आता तासाभरात भंगारात जाणार, ती. तू ते अगदी कोपऱ्यात, लहान काढलंस, आणि सांगताना त्यावरून पुढे निघून गेलीस. माझ्या शेजारी बसलेल्या कंपोझिटरनं, चित्रांचे थर एकत्र जोडणाऱ्या आपल्या माणसानं, हळूच विचारलं, "ती काय पुसतेय?" अख्ख्या रिव्ह्यूत कुणी काही विचारलं ते तेवढंच.

ते तू कुठंतरी पाहिलेलं आहेस. तुझ्याच घरी असेल. असं सुचत नाही, ते बघितलेलंच असावं लागतं. सिक्वेन्स उडाला तरी हे तुझ्याकडून कुणी काढून घेतलेलं नाही. फक्त तो वाडा त्या क्षणाच्या अंगावरून उतरव.

गुरुवारी संध्याकाळी सहाला ये. झोपाळ्याचा प्रसंग सहा पॅनलमध्ये काढून आण, जास्त नको. स्केचपेननं, खोडरबर न वापरता. मागे पांढरा कागद असू दे, कौल एकही नको. कंपोझिटरलाही थांबवून घेतो, तो आणि मी समोर बसतो. आजीचं तुला बोलायचंय, आणि झोपाळा काढायला आलेल्या माणसांचंही. कडी काढताना करकरते ना, तो आवाजही तोंडानंच काढ.

पाऊस आहे, रेनकोट आण. बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत घाल.

तुझा
सर