केस टाकायच्या आधी हॉस्पिटलकडून कागद कसे मिळवायचे?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. माझ्या आईचं (वय ६१) चौदा महिन्यांपूर्वी पित्ताशयाच्या खड्यांचं दुर्बिणीने ऑपरेशन झालं, सहाव्या दिवशी कावीळ झाली, मग पुण्याला हलवलं, तिथे सांगितलं की पित्तनलिकेला इजा झालीये आणि परत मोठं ऑपरेशन करावं लागलं. पहिल्या हॉस्पिटलने आम्हाला फक्त डिस्चार्ज कार्ड दिलंय. फाईल मागायला मी चार वेळा गेलो, काउंटरवर सांगतात कोर्टाची ऑर्डर आणा. वकील म्हणतात कागद आणा मग केस बघू. कागद नाहीत म्हणून केस नाही, आणि केस नाही म्हणून कागद नाहीत, आता काय करायचं?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, आधी आईंची तब्येत जपा. आता कागदांचं. कोर्टाची ऑर्डर लागत नाही, हे पहिलं डोक्यात पक्कं करा. वकिलांच्या बोलण्यात तथ्य आहे, कारण इंग्लंडमध्ये दावा दाखल व्हायच्या आधीच समोरच्याकडून कागद मागायची कोर्टात सोय आहे, तशी आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत नाही, आपल्याकडे संहितेच्या "ऑर्डर ११" या प्रकरणाखाली कागद हजर करायला लावता येतात पण दावा दाखल झाल्यावर. पण पेशंटच्या कागदांसाठी वेगळा रस्ता आहे आणि तो बऱ्याच लोकांना माहीतच नसतो.

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, आणि दिलं नाही तर ती डॉक्टरची गैरवर्तणूक धरली जाते, तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. आपल्या मुंबई हायकोर्टानेसुद्धा १९९६ मध्ये सांगून टाकलंय की केसपेपरच्या कॉपी देताना हॉस्पिटलला गोपनीयतेचं कारण पुढे करता येणार नाही.

तुम्ही चार वेळा गेलात, पण तोंडी. तोंडी मागितलेलं मागितलंच नाही असं धरा, माझ्याकडे येणारे निम्मे लोक इथेच अडकलेले असतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांचे महिने फुकट जातात. साध्या कागदावर अर्ज लिहा, सही आईंची घ्या, तुमची नाही, तुम्हाला जायचं असेल तर खाली एक ओळ टाका की माझ्या मुलाला कागद द्यावेत. आयपीडी नंबर (ॲडमिट पेशंटचा नोंदणी क्रमांक) आणि ॲडमिट-डिस्चार्जच्या तारखा डिस्चार्ज कार्डावर असतात, त्या अर्जात घाला. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच घ्या. पोच देत नसतील तर तिथे वाद घालत बसू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. आणि अर्जात "केस करणार", "बघून घेऊ" असलं काही लिहू नका. पुढच्या उपचारासाठी कागद हवेत हे तुमच्या बाबतीत खरंच आहे, तेवढंच लिहा.

नुसतं "फाईल द्या" म्हणू नका, नाहीतर परत डिस्चार्ज कार्डाचीच झेरॉक्स हातात येईल. इनडोअर केसपेपर पहिल्या पानापासून, ऑपरेशन नोट्स, भुलीचा चार्ट, संमतीपत्र, नर्सेसच्या नोंदी, सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी असं नाव घेऊन मागा. आणि तुमच्या केसमध्ये एक खास गोष्ट, दुर्बिणीच्या ऑपरेशनचं कधीकधी रेकॉर्डिंग होतं, ते असेल तर त्याची कॉपी मागा. झेरॉक्सचा खर्च भरायची तयारी अर्जातच लिहून टाका. कागद हातात आले की काउंटर सोडायच्या आधी पानं मोजा. मी तर नर्सेसच्या नोंदी आधी बघते, ताप किती वाजता, ड्रेनमधून (ऑपरेशननंतर पोटात ठेवलेल्या नळीतून) काय आणि किती आलं, डॉक्टरांना फोन कधी केला हे तिथे तासातासाने लिहिलेलं असतं, कित्येकदा सगळी गोष्ट त्या पानांवर सापडते.

वेळेचं मात्र मला टेन्शन आहे. हॉस्पिटलविरुद्धची केस ग्राहक आयोगात टाकता येते, तिथे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, तुमचे चौदा महिने गेलेत, आणि अर्ज-पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही. शिवाय नियमाप्रमाणे डॉक्टरांनी रेकॉर्ड सांभाळायचं तेही उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं. म्हणून अर्ज याच आठवड्यात द्या. ७२ तासांत काही आलं नाही तर वकिलांकरवी नोटीस, सोबत कौन्सिलकडे तक्रार, आणि तरीही नाहीच दिलं तर हातात आहे त्यावर तक्रार दाखल करा, तुमच्याकडे पुण्याच्या हॉस्पिटलचे सगळे कागद आहेतच की, त्यांच्या ऑपरेशन नोटमध्ये इजा कुठे आणि कशी दिसली हे लिहिलेलं असणार. कागद हजर करायला लावायचा अधिकार आयोगालाही आहे, आणि मागूनही दिले नाहीत ही गोष्ट हॉस्पिटलच्या विरोधात जाऊ शकते, तेव्हा ती पोच तुमच्या कामाला येईल.

(सरकारी हॉस्पिटल असेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करता येतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.)

अजून एक, मनापासून सांगते. फाईल मिळाली की केस टाकायच्या आधी ती दुसऱ्या एखाद्या अनुभवी सर्जनला दाखवा. पित्तनलिकेला इजा होणं हा या ऑपरेशनचा माहीत असलेला धोका आहे, ती झाली म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नाही, पण झाल्यावर ती वेळेत ओळखली का, सहा दिवस काय केलं, हा तुमचा खरा प्रश्न आहे. सर्जन म्हणाले की चूक दिसत नाही, तर तेही ऐकून घ्या. चूक दिसली तर त्यांचं मत लेखी घ्या आणि मग वकिलांकडे जा.