सूर्य कोणत्या गावचा?

लातूर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. घराचं फोटोसारखं चित्र काढायच्या सॉफ्टवेअरपैकी व्ही-रे घेऊ, लुमियन शिकू, की ब्लेंडरवरच राहू, असं विचारलंयस. बाबांनी यंदाच्या तुरीच्या पैशातून मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, घ्यायचं कबूल केलंय, तेव्हा चूक व्हायला नको, असंही लिहिलंयस. त्या शेवटच्या वाक्यामुळे फोनवर दोन शब्दांत उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

आधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी उदगीरकडच्या एका गावात घर केलं. रस्ता पश्चिमेला, म्हणून ओसरीही तिकडेच घ्यावी लागली. आठ फूट खोल, छत नऊ फुटांवर. ओसरीच्या कडेला विटांची जाळी मी नकाशात धरली होती. रेंडर करताना, म्हणजे नकाशावरून तसं चित्र काढताना, मात्र ऊन कोवळं दिसावं म्हणून डिसेंबरमधली सकाळी दहाची वेळ लावली. चित्रात अख्खी ओसरी गार सावलीत, बाजेवर गोधडी, कोपऱ्यात तुळस. घरमालक बघून खूश झाले. म्हणाले, "सर, एवढी सावली आहे की. मग जाळीचा खर्च कशाला?" आणि मी मान डोलावली.

पुढच्या मे महिन्यात त्यांच्या आईंना दुपारनंतर ओसरीवर बसता येईना. आपल्याकडे मेच्या मध्यावर चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ३८ अंशांवर असतो. नऊ फुटांच्या छताखालून ते ऊन साडेअकरा फूट आत येतं, आणि ओसरी आठच फूट. म्हणजे मागच्या भिंतीवर पावणेतीन फुटांपर्यंत ऊन. बसलेल्या माणसाच्या अंगभर. शेवटी त्यांनी हिरवं शेडनेट बांधलं. मागच्या वर्षी तिकडून गेलो तेव्हाही ते तिथेच होतं.

त्या घरमालकांना नकाशा वाचता येत नव्हता. त्यांच्यासाठी ते चित्र म्हणजे मी दिलेला शब्द होता. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी पहिल्यांदा एकच बघतो: यात माझ्या गावचा सूर्य लावता येतो का, आणि तो लावणं इतकं सोपं आहे का की घाईतही मी तो लावीन. घराचं मॉडेल बांधायच्या आमच्या वेळच्या स्केचअपमध्ये जागा भरली नाही तर सूर्य अमेरिकेतल्या बोल्डर शहराचा यायचा. ते ४० अंश उत्तरेला आहे, तिथे सूर्य डोक्यावर कधी येतच नाही. लातूर १८.४ अंशांवर. इथे १३ मेच्या सुमारास दुपारी बारा वीसला खांबाची सावली खांबाच्या पायातच पडते, आणि २१ जूनला तर भर दुपारी सूर्य डोक्याच्या पाच अंश उत्तरेला सरकलेला असतो. उत्तरेच्या खिडकीत जूनमध्ये भर दुपारीही ऊन येतं हे परक्या सूर्याखाली काढलेल्या चित्रात कधी दिसणार नाही. अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ भरायची सोय बहुतेक सगळ्यांमध्ये आहे. ब्लेंडरला त्यासाठी सन पोझिशन नावाचं ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायचा भाग, आहे. भरत कोणी नाही, हे दुखणं आहे.

आता प्रकाश कसा मोजला जातो, ते. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी रेंडरिंग इक्वेशन, म्हणजे प्रकाशाच्या हिशोबाचं समीकरण, मांडलं आणि पाथ ट्रेसिंगची वाट दाखवली: प्रकाशाचा किरण भिंतीवर आपटतो, रंग घेऊन उडतो, पुन्हा कुठेतरी आपटतो, आणि हे सगळं हिशोबात धरायचं. व्ही-रे, कोरोना आणि ब्लेंडरमधलं सायकल्स याच घराण्यातली. लुमियन, एन्स्केप, ट्विनमोशन, डी५ ही झटपट दाखवणारी मंडळी. डोळ्यांसमोर घर फिरवून दाखवतात, पण उडालेल्या प्रकाशाचा बराचसा अंदाज बांधतात. त्यातल्या काहींमध्ये आता पाथ ट्रेसिंगचा पर्यायही आला आहे, म्हणून ही भिंत पूर्वीइतकी पक्की राहिली नाही.

फरक कुठे पडतो ते आपल्या जुन्या वाड्यात बघ. चौकात ऊन शहाबादी फरशीवर पडतं, तिथून उडून सोप्याच्या लाकडी तुळयांना खालून उजळतं. दाराशी उजेड, आत जाईल तसा मऊ होत जाणारा अंधार, आणि देवळीत जवळजवळ काळोख. अंदाजाने चालणारं सॉफ्टवेअर तुळया एकतर काळ्या करतं किंवा सगळीकडे सारखा उजेड सारवून टाकतं. बंगल्याच्या दर्शनी चित्राला तो दोष दिसत नाही. घराच्या आत शिरलीस की लगेच दिसतो.

तर तुझ्यासाठी माझं मत असं. स्केचअप तुझ्या हातात बसलंय, ते सोडू नकोस. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना भिंत हलवून दाखवायला ट्विनमोशन घे; वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमाई असलेल्यांना ते फुकट आहे, आणि आपण त्या हद्दीच्या फार अलीकडे आहोत. डी५ चीही फुकट आवृत्ती आहे, आवडली तर तीच ठेव, पण दोन्ही नकोत. आणि रोज तासभर ब्लेंडर. ते पूर्ण मोफत आहे, आणि सायकल्समध्ये प्रकाश शिकलीस की उद्या व्ही-रे समोर आलं तरी बटणं तेवढी नवी वाटतील. पहिले चार महिने जड जातील, ते जाऊ दे. व्ही-रे किंवा कोरोनाचं वर्षाचं भाडं आत्ता भरू नकोस. ज्या कामातून ते भाडं निघेल ते काम आलं की भर. क्रॅक, म्हणजे चोरीची प्रत, मात्र नको, अगदी एका दिवसापुरताही नको. ओळखीच्या एका ऑफिसात त्यातूनच व्हायरस शिरला आणि दोन वर्षांच्या फाइल्स गेल्या.

मशीनबद्दल थोडक्यात. लॅपटॉप नको. मे महिन्यात ४२ अंशांत तो तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. डेस्कटॉप घे, आरटीएक्स ग्राफिक्स कार्ड घे, आणि कार्डाच्या नावापेक्षा त्याची मेमरी बघ: १२ जीबी तरी हवी. सीन, म्हणजे झाडाझुडपांसकट अख्खं मॉडेल, त्या मेमरीत मावला नाही की काम रखडतं किंवा बंद पडतं, आणि दाट पानांची चार झाडं ती मेमरी कधी खातात कळत नाही. यूपीएसला पैसे राख. ॲनिमेशन कधीही थेट व्हिडिओ म्हणून काढू नकोस, एकेक फ्रेम चित्र म्हणून साठव; रात्री लाईट गेली तर एक फ्रेम जाईल, रात्र जाणार नाही.

झाडांवरून आठवलं. लायब्ररीतली पाईन आणि मेपल औशाच्या घरासमोर उभी करू नकोस. कडुनिंब, चिंच, बाभूळ स्वतः तयार कर, एकदाच मेहनत आहे. पांढरी भिंतही शंभर टक्के पांढरी देऊ नकोस. खरा चुना सगळा प्रकाश परत देत नाही, ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांब. फरशीची चमक सगळीकडे सारखी ठेवू नकोस. उंबऱ्याजवळ जिथे रोज पाय पडतात तिथे शहाबादी गुळगुळीत होते, कोपऱ्यात खरखरीतच राहते. हा एवढा फरक घातलास की चित्रात माणसं राहू लागतात.

संभाजीनगरला जाशील तेव्हा बीबी का मकबरा सकाळी लवकर बघ. संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला आहे. मधल्या भागात बेसॉल्टवर गुळगुळीत गिलावा आहे. दुरून सगळं एकच पांढरं वाटतं. जवळ जा, कोवळं ऊन तिरपं पडलेलं असताना दोन्हींची सीमा शोध. संगमरवरात प्रकाश थोडा आत शिरून बाहेर येतो, गिलाव्यावरून तो वरच्या वरच परततो. मटेरियलच्या स्लाइडरला हात लावण्याआधी हे बघितलेलं बरं. मी तीनदा गेलो तेव्हा मला नीट दिसलं.

तोवर एक काम कर. तुमच्या घरची ओसरी टेपने मोज आणि मॉडेल कर. दुपारी चार वाजता मोबाईलने तिचा फोटो काढ. त्याच जागेचा, त्याच तारखेचा, त्याच वेळेचा सूर्य लावून ट्विनमोशनमध्ये एक आणि सायकल्समध्ये एक असं रेंडर कर, आणि तिन्ही चित्रं आईला दाखव. कोणतं खरं वाटतं आणि का, हे ती सांगेल ते जसंच्या तसं लिहून ठेव.

फाइल मला पाठवताना टेक्स्चर, म्हणजे भिंती-फरशीवर चढवलेली चित्रं, आत पॅक करून पाठव, नाहीतर माझ्याकडे सगळं घर गुलाबी उघडतं. रविवारी सकाळी मी ऑफिसातच आहे. मशीनचं कोटेशन घेऊन ये, बाबांनाही आण.

तुझे,
सर