“आई, इथे काय लिहू?”

“मॅडम, मी शेजारी बसल्याशिवाय हा पेन्सिल हातात धरत नाही. मी उठले की हाही उठतो. असं कुठवर बसायचं?”

मुलांच्या अभ्यासाबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी कितीतरी जण थोड्याफार फरकाने हेच विचारतात. इथे ज्यांच्याबद्दल लिहितेय ती आई डोंबिवलीची, नोकरी मुंबईत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगा चौथीत, सेमी-इंग्लिशला. दुपारी शाळेतून आला की आजी जेवायला वाढते, मग टीव्ही, मग खाली खेळ. दप्तर उघडायचं ते आई आल्यावर. लोकलमधून लोंबकळत आई साडेसातला घरी पोचते आणि आठला गृहपाठ सुरू होतो. दोघंही दमलेली, पोटात भूक. दहा वाजता जेवणं, आणि त्याआधी रडारड ठरलेली. क्वचित धपाटाही. ते सांगताना त्या माऊलीचे डोळे भरून आले होते.

मी गणिताची वही बघायला मागितली. पानोपानी बरोबरच्या लाल खुणा, एकही उत्तर चुकलेलं नाही. पण कागद खोडून खोडून इतका विरला होता की दोन ठिकाणी पलीकडचं पान दिसत होतं. मी मुलाला एक वजाबाकी घातली: ५०२ वजा १३८. त्याने लिहिलं ४३६. दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन काढले, शून्यातून तीन जात नाहीत म्हणून तीनातून शून्य. हातचा घेणं त्याला उमगलेलंच नव्हतं. प्रत्येक अंक लिहिण्याआधी तो आईच्या चेहऱ्याकडे बघायचा. भुवया वर गेल्या की हात थेट खोडरबराकडे.

म्हणजे घरी गणितं सुटत होती, पण ती सोडवत होती आई. आणि शाळेतल्या बाईंना बिचाऱ्यांना कळायला मार्गच नव्हता की पोराचं घोडं हातच्यापाशी अडलंय.

चौथीतल्या मुलाने रोज दोन तास गृहपाठाला बसणं हेच मुळात जास्त आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको असं म्हटलंय. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवीला दिवसाला १ तास आणि नववीपासून पुढे दिवसाला २ तास. अमेरिकेतले संशोधक हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा गृहपाठ आणि गुण यांचा संबंध मोठ्या वर्गांत बऱ्यापैकी दिसला, प्राथमिकमध्ये फारच थोडा. म्हणून मी पालकांना सांगते की या वयात गृहपाठातून गुण मिळवायचे नाहीत, आपलं काम आपण करायची सवय मिळवायची आहे. ते काम आईनेच केलं तर हाती काहीच लागत नाही.

पहिलं काम म्हणजे वेळ बदलली. खेळून आला, हातपाय धुतले, काहीतरी खाल्लं की साडेपाचला जेवणाच्या टेबलावर बसायचं. त्या वेळात टीव्ही बंद, आजींचासुद्धा. आजी लगेच म्हणाल्या, “अहो, मला कुठे येतंय त्याचं इंग्रजी!” मी म्हटलं, “आजी, तुम्हाला ते यायची गरजच नाही. समोर बसून भाजी निवडा. ‘झालं का, झालं का’ विचारू नका. एवढंच.” हे मला मुद्दाम मोठ्याने सांगावंसं वाटतं, कारण मुलं इंग्रजी माध्यमात गेल्यापासून कितीतरी आईवडील, आजी-आजोबा स्वतःला बाद समजून बाजूला होतात. शिकवणं शाळेचं काम आहे. घरातल्या माणसाने शांतपणे सोबत बसावं, ते आजींना आमच्या सगळ्यांपेक्षा छान जमतं.

दुसरं, खोडरबर कपाटात. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी पुन्हा लिहायचं. अडलं तर त्या गणिताभोवती गोल करून पुढे जायचं. आई आल्यावर फक्त गोलांसाठी दहा मिनिटं, आणि त्यातही आईने आधी विचारायचं, “कुठपर्यंत आलं तुला?”

गृहपाठ काय दिलाय हे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारणंही थांबवलं. डायरीत त्यानेच उतरवायचं. विसरला तर खालच्या मजल्यावरच्या मित्राकडे जाऊन विचारून यायचं.

आईला सगळ्यात जड गेलं ते चुका तशाच ठेवून वही शाळेत पाठवणं. “बाईंना वाटेल, घरी कुणी लक्षच देत नाही.” ही भीती खरी असते, तिला हसण्यावारी नेऊ नये. आम्ही डायरीत बाईंसाठी दोन ओळी लिहिल्या: ‘गणितं त्याने स्वतः सोडवली आहेत. कुठे अडतंय ते तुम्हाला दिसावं म्हणून चुका दुरुस्त केलेल्या नाहीत.’ बाईंनी ते मनावर घेतलं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून, एक गठ्ठा सोडवून दाखवून त्यांनी त्याला हातचा पुन्हा शिकवला.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. चाचणी परीक्षा आली आणि आई पुन्हा शेजारी जाऊन बसली. बाबांनी “लवकर आटप, मग मोबाइल देतो” असं आमिष दाखवलं, त्या दिवशी त्याने पाच गणितं पाच मिनिटांत उरकली आणि पाचही चुकली. अक्षरही पहिल्यापेक्षा गबाळं झालंय. ते चालेल, निदान ते त्याचं आहे. गणित आता अर्ध्या तासात, आई यायच्या आत होतं.

मराठीचं शुद्धलेखन मात्र अजून रेंगाळतंय आणि त्याकडे मी लक्ष ठेवून आहे. वेळ, जागा, सोबत सगळं नीट असूनही मूल वाचताना अक्षरं गाळत असेल, फळ्यावरचं उतरवताना सारखं चुकत असेल, तर त्याला आळशी म्हणून मोकळं होऊ नये. आधी डोळे तपासावेत, मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित कठीण जातंय का याची, तपासणी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे निदान झालं तर मुलाला हक्काच्या सवलतीही मिळू शकतात. या मुलाचे डोळे तपासून झाले, चष्मा लागलेला नाही. बाईंशी बोलून सध्या एका पानाऐवजी पाच ओळी ठरवल्या आहेत. महिनाभर त्याने त्या लिहिल्या की सगळ्या एकत्र तपासून पुढचं ठरवू.