बाथरूम आणि स्वयंपाकघरात लावायचं चित्र कशावर छापून घ्यावं? कॅनव्हास चालेल का?

कॅनव्हास तिथे नको, ॲल्युमिनियमवर छापलेलं घ्या. हॉल-बेडरूमला मात्र कॅनव्हासच छान दिसतो. फ्रेमिंगचं काम करतो म्हणून सांगतो: कापड आणि कागद वाफेतला ओलावा शोषतात, कॅनव्हास सैल पडतो, मागून बुरशी धरते. स्वयंपाकाचा तेलकट थर तर विणीत बसला की निघतच नाही. ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतं. ॲक्रिलिकही (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) चालेल, पण त्यावर चरे लवकर पडतात आणि शेगडीजवळ उष्णतेने ते वाकू शकतं. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) फ्रेम टाळा, पाणी लागलं की फुगते. हॉलमध्ये खिडकीसमोर काचेची फ्रेम लावू नका, चित्राऐवजी खिडकीच दिसते. थेट ऊन पडत असेल तर मटेरियल कुठलंही घ्या, रंग हळूहळू उडतोच. तिथे भिंतच बदला.