विधानसभेत कोणत्या विषयावर चर्चा व्हायची, हे नेमकं कोण ठरवतं?

तुम्ही विचारलंय की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या पीकविम्यावरून एवढी ओरड होते, तरी अधिवेशनात त्यावर चर्चा का लागत नाही आणि वेळ कुणाला द्यायचा हे कुणाच्या हातात असतं. आमच्या भागातल्या एका आमदारांच्या कार्यालयात मी काही वर्षं प्रश्न आणि लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लिहून देण्याचं काम केलंय. त्यावरून सांगतो.

सभागृहाचा वेळ एकाच जागी वाटला जात नाही. विधेयकं, अर्थसंकल्पी मागण्या, अभिभाषणावरची चर्चा यांना किती तास द्यायचे ते कामकाज सल्लागार समितीत ठरतं. अध्यक्ष तिचे प्रमुख. सरकार आणि विरोधी पक्ष दोघांचे नेते तिथे बसतात. बराचसा वेळ सरकारी कामालाच जातो, कारण मागण्या मंजूर झाल्याशिवाय सरकारला खर्च करता येत नाही. विरोधकांना विधानसभेच्या नियम २९३ खालची चर्चा आणि अधिवेशनाच्या शेवटी होणारा अंतिम आठवडा प्रस्ताव मिळतो. त्यात काय घालायचं ते त्यांच्या बैठकीत ठरतं आणि पक्षाच्या वाट्याची मिनिटं कुणाला द्यायची ते प्रतोद, म्हणजे सभागृहात पक्षाच्या आमदारांना सांभाळणारा नेता, बघतात. खानदेशचे आमदार २८८ पैकी २०. जळगावचे ११, धुळ्याचे ५, नंदुरबारचे ४, तेही वेगवेगळ्या पक्षांत विभागलेले. राज्यभराच्या यादीत केळी वर यायला तिथे कुणीतरी हट्ट धरावा लागतो.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, त्यामागे १९५३ चा नागपूर करार आहे, त्यामुळे विदर्भाच्या प्रश्नांना तिथे आपोआप जागा मिळते. १९९४ मध्ये भागाभागांतल्या विकासाची तफावत बघायला वैधानिक विकास मंडळं झाली तेव्हा विदर्भ आणि मराठवाडा यांना स्वतंत्र मंडळ मिळालं. आपण ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, पुणे-कोल्हापूरच्या शेजारी. मंडळांचे अहवाल विधिमंडळापुढे येत, पण त्यात खानदेशचा आकडा वेगळा उठून दिसणार कसा? २०२० मध्ये मंडळांची मुदत संपली. विदर्भाचं दुखणं खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्याकडे बोलायला एक ठरलेली जागा आहे आणि आपल्याकडे नाही, एवढंच.

म्हणून आपल्या भागासाठी खरा रस्ता म्हणजे तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्यांकडून सभागृहात तोंडी मागतात) आणि लक्षवेधी. इथे एकटा आमदारसुद्धा विषय आत नेऊ शकतो, पण विषय मोठा असून भागत नाही, तो नियमात बसावा लागतो. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते. गारपीट झाल्यावर लोक निवेदन घेऊन येतात तेव्हा ती मुदत कधीच गेलेली असते. मग उरते लक्षवेधी, तातडीच्या आणि अलीकडच्या घटनेसाठी. सूचना ढिगाने येतात, त्यातून अध्यक्ष निवडतात. चोपड्याचे अरुणभाई गुजराथी १९९९ ते २००४ अध्यक्ष होते, पण खुर्चीवर आपला माणूस असला तरी सूचना नियमावरच तपासली जाते, आणि ते योग्यच आहे.

आता विम्याचंच घ्या. ‘केळी उत्पादकांना न्याय मिळावा’ असा मजकूर आला तर त्याचा प्रश्न होत नाही. फळपीक विमा हवामानावर आधारित आहे: कमी तापमान, जास्त तापमान, वेगाचा वारा, गारपीट. तापमानाची नोंद महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) हवामान केंद्राची धरतात. मग प्रश्न असा लिहावा लागतो: अमुक मंडळातील केंद्र अमुक तारखांना बंद होते, हे खरे आहे काय, असल्यास, त्या मंडळातील किती विमाधारक भरपाईपासून वंचित राहिले, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय? शेवटची ती ओळ कार्यालयात आम्हाला तोंडपाठ होती. असा प्रश्न स्वीकारला गेला की मंत्र्यांना हो किंवा नाही म्हणावंच लागतं. तापीवरच्या रखडलेल्या पाडळसे धरणासारखा विषय भाषणांत येतो, टाळ्या पडतात, पण मंत्र्यांनी एकत्र दिलेल्या उत्तरात तो एका वाक्यात आटोपता येतो. म्हणून मी कायम भाषणापेक्षा प्रश्नाच्या बाजूचा.

विम्याच्या योजनेचा काही भाग केंद्राचा असल्याने खासदारांनाही धरा. लोकसभेत तारांकित प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि दिवसाचे २० प्रश्न सोडतीने ठरतात. त्यातले तासाभरात मोजकेच तोंडी होतात, बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं. अर्थसंकल्पावरच्या चर्चेच्या भरवशावर मात्र राहू नका. २३ मार्च २०२३ ला कृषीसकट सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना एकदम मंजूर झाल्या.

तुम्ही काय करायचं? अधिवेशनाची तारीख जाहीर होण्याची वाट बघू नका. महसूल मंडळाचं नाव, हवामान केंद्र बंद असल्याच्या तारखा, विमा हप्ता भरल्याच्या पावत्या, तलाठ्याचा पंचनामा असं एका पानात लिहून आमदारांच्या स्वीय सहायकाला द्या आणि पोच घ्या. शेजारच्या तालुक्यातल्या, दुसऱ्या पक्षाच्या आमदारांनाही तेच पान द्या. एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं लागू शकतात. पुढे उत्तर आलं की त्याची प्रत मागून घ्या. मंत्री सभागृहात ‘चौकशी करू’, ‘कार्यवाही करू’ असं बोलले असतील, तर ते आश्वासन धरलं जातं आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. पुढच्या अधिवेशनाआधी आमदारांना त्याची आठवण करून द्यायला ती प्रत तुमच्या हातात हवी.