देव माझ्यावर खूश असेल का?

“देव माझ्यावर प्रेम करतो हे ठाऊक आहे हो. पण मी त्याला आवडते का?”

खराडीत नोकरी करणारा आयटीवाला, सेमिनरीत शिकणारा तरुण, घोरपडीच्या एक आजी. शब्द ज्याचे त्याचे, प्रश्न मात्र हाच. कुणी म्हणतं, प्रार्थना करतो पण कुणी ऐकतंय असं वाटत नाही. कुणी म्हणतं, पूर्वी देव जवळ होता, आता नाही. गंमत अशी, की हे विचारणारे सगळे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नेमाने येणारे, मिळकतीचा दशांश देणारे, रविवार न चुकवणारे. ज्याला देवाची फिकीरच नाही तो हा प्रश्न घेऊन माझ्या समुपदेशनाच्या खोलीची पायरी चढत नाही.

त्यातल्या एका बाईंची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सुनंदाताई पन्नाशी ओलांडलेल्या. एका मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर, घर वडगाव शेरीला, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. वडील, म्हणजे अण्णा, मिशनच्या शाळेत मास्तर होते. ताईंना त्यांच्या पाळकसाहेबांनीच माझ्याकडे धाडलं. सुरुवातीला ‘झोप लागत नाही’ यापलीकडे काही बोलेनात. मग एकदा पर्समधून दोनशेपानी वही काढून टेबलावर ठेवली. पानापानावर तारखा आणि आखलेले रकाने: पहाटेची प्रार्थना, वचनवाचन, रात्रीची प्रार्थना. झालं तर निळी टिक, राहिलं तर लाल फुली. काही निळ्या टिकांभोवती लाल गोल होता.

“हा गोल कसला?”

“प्रार्थना झाली, पण मन लागलं नाही. मग ती धरायची की नाही, ते ठरत नाही.”

मन भरकटलं की त्या प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. पहाटे साडेचारला बसलेल्या बाईंना कधी कधी सहा वाजायचे आणि ड्युटीची बस निघून जायची.

मी विचारलं, “तुम्ही प्रार्थनेला बसता तेव्हा देव तुमच्याकडे बघत असेल ना? कसा असतो त्याचा चेहरा?”

“चष्म्यावरून बघतो,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. चष्म्यावरून बघायचे ते अण्णा. शनिवारी रात्री पोरांना ओळीने उभं करून रविवारचं वचन म्हणून घ्यायचे. एक शब्द चुकला की बोट वर. “पुन्हा पहिल्यापासून.” हात कधी उगारला नाही, आवाज चढवला नाही. पण वचन बिनचूक आलं तरी चेहरा हलायचा नाही. लगेच पुढचं वचन नेमून द्यायचे.

मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचारांवर माझा पिंड पोसला आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना लवकरच कळतं. आपण जवळ गेलो तर चालेल का, हे लेकरू सांभाळणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावरून शिकतं. पुढे तोच अंदाज ते नवऱ्याशी, साहेबाशी आणि माझा अनुभव विचाराल तर देवाशीही लावतं. धर्मशास्त्र शिकलेले माझे काही मित्र यावर नाक मुरडतात. मुरडोत. देव कोण आहे हे शास्त्र सांगतं. आपण त्याला कुणाचा चेहरा चढवलाय हे बघायला कुणीतरी समोर बसावं लागतं.

म्हणूनच मी ताईंना वचनं ऐकवत बसले नाही. त्यांना ती माझ्याहून जास्त पाठ होती. सफन्या 3:17 त्यांनीच मला म्हणून दाखवलं. सफन्या हा योशीया राजाच्या काळातला, ख्रिस्तापूर्वी सातव्या शतकातला संदेष्टा. पुस्तक उणंपुरं तीन अध्यायांचं, आणि सुरुवात परमेश्वराच्या क्रोधाच्या दिवसाने. पण शेवटाकडे तोच देव त्याच लोकांमध्ये येऊन राहतो, त्यांच्यामुळे हरखतो आणि चक्क गातो. माणसं देवापुढे गातात हे शास्त्रात पानोपानी आहे. देव माणसांवरून गातो हे विरळाच.

“किती सुंदर आहे,” मी म्हणाले.

“ते सीयोनकन्येला, यरुशलेमच्या लोकांना आहे, ताई. मला नाही.”

खरं दुखणं पुढे निघालं. धाकटा भाऊ दारूत बुडालेला. गावची जमीन विकली त्यातला आपला वाटा त्याने उडवला. अंथरुणाला खिळलेली आई मात्र सुनंदाताईंकडे. मग मागच्या वर्षी भावाचं मन पालटलं. दारू सुटली, मंडळीपुढे उभं राहून त्याने साक्ष दिली. लोक रडले, पाळकसाहेबांनी मिठी मारली, उपासनेनंतर सगळ्यांना जेवण. बिर्याणी वाढायला सुनंदाताई.

“भाऊ वाचला आणि मला आनंद झाला नाही. घरी येऊन प्रार्थनेला बसले तर शब्दच फुटेना. असल्या बाईबद्दल देवाला काय वाटत असेल?”

मी पवित्र शास्त्र त्यांच्या हातात दिलं. लूक, 15वा अध्याय. मोठ्याने वाचा, म्हटलं.

“उधळ्या पुत्र? पाठ आहे मला.”

“मग वाचायला सोपं जाईल.”

वार्डात चार्ट वाचतात तशा सुरात त्या वाचत गेल्या. धाकटा पोरगा आपला वाटा घेऊन गेला, तो उधळला, डुकरं राखली, परत निघाला, बाप धावत गेला, मेजवानी झाली. मग थोरला शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, रागावतो, आत जायला तयार होत नाही. 28व्या ओवीवर त्या अडखळल्या. बोट ओळीवर तसंच.

“याच्यासाठीपण बाप बाहेर आला.”

“हो.”

“म्हणजे दोनदा आला. एकदा धाकट्यासाठी पळत, आणि एकदा याची समजूत काढायला.” मग जरा चढ्या आवाजात, “पण आत पाहुणे बसलेत! यजमान पंगत सोडून उठतो का कुठे? आमचे अण्णा शेवटचा माणूस उठेपर्यंत जागचे हलायचे नाहीत.”

“आणि थोरला कसा बोलतोय?”

“तोंडाला येईल ते. मला कधी करडूसुद्धा दिलं नाही म्हणतो. भावाला भाऊ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो.” त्यांना हसू आलं, बहुधा स्वतःचंच बोलणं आठवून. “आणि बाप त्याला ‘बाळा’ म्हणतो.”

पुढचं त्यांनी वाचलं नाही, नुसतं सांगितलं. तू तर कायम माझ्याजवळच आहेस, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पुन्हा पहिल्यापासून, असं नाही म्हणाला तो.”

त्यानंतर त्या बराच वेळ रडल्या. अशा वेळी मी बोलत नाही. समुपदेशकाला गप्प बसता यायला हवं, आणि एवढं एक मला चांगलं जमतं.

व्यासपीठावरून आपण धाकट्याची गोष्ट सांगतो. माझ्यासमोरच्या खुर्चीत बहुतेक वेळा थोरला किंवा थोरली येऊन बसते. आणि बघा, ‘तू कायम माझ्याजवळ आहेस’ हे शब्द बाप मेजवानीत बसलेल्याला उद्देशून बोलत नाही. अंगणात फुरंगटून उभ्या असलेल्याला बोलतो, त्याला कणभरही आनंद वाटत नसताना. ‘मला काही जाणवत नाही, मग देव लांब गेला का’ याचं उत्तर मला इथे सापडतं. त्या दिवसापासून हे मी कितीतरी जणांपुढे ठेवलं आहे. लागू पडतं.

तेव्हा जवळीक जाणवली नाही म्हणजे देव निघून गेला, असा हिशोब मांडू नका. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. 22व्या स्तोत्राचा आरंभ, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’, हे तर येशूने वधस्तंभावर उच्चारलेले शब्द. भग्नहृदयी लोकांजवळ परमेश्वर असतो असं 34वं स्तोत्र म्हणतं; हृदय आधी सांधून आणा, अशी अट तिथे नाही. आणि येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली, की हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने एकही चमत्कार केलेला नाही, एकही उपदेश दिलेला नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी मुद्दाम देते. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन 1890 मध्ये पुण्यात आणलं. विधवा मुलींसाठी राबणारी, शास्त्र कोळून प्यालेली ही बाई पुढे साक्षीत लिहिते, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे 8 वर्षं गेली. रमाबाईंना एवढा वेळ लागू शकतो, तर आपण स्वतःला थोडी सवलत द्यायला हरकत नाही.

‘मग काहीही केलं तरी देव खूशच का?’ असं कुणी विचारतंच. सफन्याचा पहिला अध्याय वाचा, उत्तर मिळेल. पण खरं सांगू, हा प्रश्न विचारणारे सहसा दुसऱ्या कुणाच्या तरी पापाबद्दल विचारत असतात.

सुनंदाताईंची वही आम्ही बंद केली. प्रार्थनेला पंधरा मिनिटं. मन भरकटलं तर मागे फिरायचं नाही. जिथे गेलं तिथलंच देवाला सांगून पुढे जायचं, आणि वेळ झाली की समाधान झालं नसलं तरी उठायचं. पहिले काही दिवस जीव कासावीस होतो, त्यांचाही झाला. तो होऊ द्यायचा.

बरोबरीने मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. तेच तेच पुन्हा करण्यात रोजचा तासभर किंवा जास्त जात असेल, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. जीव द्यावासा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. “गोळ्या घ्यायच्या म्हणजे विश्वास कमी पडला का?” ताईंनी विचारलं. मी म्हटलं, “बीपीची गोळी देताना तुम्ही पेशंटला त्याचा विश्वास विचारता का, सिस्टर?” काही महिने त्यांनी औषधं घेतली.

पहाटे कधी कधी अजून त्या पहिल्यापासून सुरू करतात. लक्षात आलं की स्वतःच ‘अण्णा, बसा आता’ म्हणतात. भावाच्या नव्या घराच्या प्रार्थनेलाही जाऊन आल्या. जेवणं झाल्यावर त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तुझी मेजवानी झाली, मला आनंद आहे. आता आईच्या डायपरचा आणि रात्रीच्या बाईचा निम्मा खर्च तू द्यायचा.” तो दर महिन्याला पैसे पाठवतो. उशिरा, पण पाठवतो.